शुद्ध हरपेपर्यंत

माझी दाढ दुखली नसती तर हे सगळं घडलंच नसतं. तुळजापुरात दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते, गालावर हात आणि डोक्यात राग. दुखणं असलं की मला राग येतो आणि नसलं तरी येतो, असं माझे मालक म्हणतात. शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारी येऊन टेकली. हिरवं लुगडं, कपाळाला भंडाऱ्याचं बोट. तिनं माझ्याकडे वळून वळून पाहिलं.

"शिवकन्या नव्हं तू? अणदूरची? सिद्धूची भैन?"

मीही ओळखलं. तामलवाडीच्या लक्ष्मीबाई, ब्रिगेडियर अमरसिंहची आई. उठून दुसरीकडे बसावं असं वाटलं. त्या घराचं नाव निघालं की आमच्या घरात ताट बाजूला सारलं जायचं. पण म्हातारीचा काय दोष? आणि बाकी खुर्च्याही भरलेल्या होत्या.

"अमर यायलाय सुट्टीवर," त्या कौतुकानं म्हणाल्या. "ह्या बारीला त्येचा नवस फेडूनच घेनाराय म्या. तुमच्या खंडोबाला बोललाय तो. लढाईतला नवस हाय, बाई. गोळी लागल्यावर डोंगर उतरताना बोलला. तुज्याच भावाच्या पाठीवर व्हता बग तवा. म्हनला, देवा मल्हारी, जित्ता खाली पोचलो तर माज्या वजनाइतकं खोबरं-भंडारा अणदूरच्या पायरीवर उधळीन. सवता सांगितलंय त्येनं मला. आन आजून फेडला न्हाय! म्हनून तर पोरीचं लगीन जमंना."

माझी दाढ ठणकायची थांबली. खरंच थांबली. डॉक्टरनं आत बोलावलं तेव्हा कुठली दाढ ते मला चटकन सांगता येईना.

असं का झालं हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

सिद्धेश्वर माझा धाकटा भाऊ. अमर आणि तो एकाच कोर्सचे. खडकवासल्याला एका स्क्वाड्रनमध्ये, मग देहरादूनला एका कंपनीत, आणि पलटणही एकच मिळाली. तालुक्यातली दोन पोरं एकदम अधिकारी झाली म्हणून तेव्हा तुळजापुरात मिरवणूक निघाली होती. सुट्टीवर आला की अमर आधी आमच्याकडे उतरायचा, मग तामलवाडीला जायचा. माझ्या हातची हुलग्याची शेंगोळी त्याला फार आवडायची. "अक्का, अजून एक वाडगं," असं हक्कानं मागायचा. खडकवासल्याला लांब पल्ल्याच्या पळण्यात तो दमला की सिद्धू त्याची रायफल आपल्या खांद्यावर घ्यायचा, हेही त्यानंच हसत हसत सांगितलेलं.

पासिंग आउटच्या यादीत अमर सिद्धूच्या दोन जागा वर आला. त्या दोन जागांना फौजेत फार किंमत असते. एकाच दिवशी खांद्यावर तारे चढले तरी यादीत जो वर, तो ज्येष्ठ, आणि त्याचा हुकूम दुसऱ्यानं मानायचा. आम्हाला तेव्हा ते गमतीचं वाटलं होतं. सहा महिन्यांत कारगिलची लढाई सुरू झाली.

दोघांना मूठभर जवान देऊन एक कडा राखायला सांगितलं होतं. तिथं अमरच्या मांडीतून गोळी आरपार गेली. तो सिद्धूला म्हणाला, "मला खाली ने. हुकूम आहे माझा." सिद्धूनं कडा हवालदाराच्या हवाली केला आणि अमरला पाठीवर घेऊन उतरायला लागला. वाटेत पायाखालचा दगड निसटला, सिद्धूचा गुडघा निखळला. तसाच खुरडत त्यानं अमरला खाली पोचवलं. तेवढ्यात वर शत्रू चालून आला. हवालदार गेला, कडाही गेला. तो परत घ्यायला आणखी माणसं मेली.

मग चौकशी बसली. अधिकारी कडा सोडून खाली आलाच कसा? सिद्धू म्हणाला, हुकूम होता. अमरला इस्पितळात विचारलं. तो म्हणाला, "मला शुद्धच नव्हती. गोळी लागल्यावर काय झालं, मला माहीत नाही."

एवढं एक वाक्य. खाली न्यायला मीच सांगितलं असं तो म्हणाला असता तर कडा सोडल्याचा ठपका त्याच्यावर आला असता. शुद्ध नव्हती म्हटल्यावर ठपका सिद्धूवर आला, आणि अमरला पदक मिळालं. त्याच्या मानपत्रातली ओळ पेपरात छापून आली होती, 'शुद्ध हरपेपर्यंत ज्यांनी जागा सोडली नाही.' आमच्या तालुक्यात ती ओळ शाळेच्या पोरांनाही पाठ आहे. भाषणाच्या स्पर्धेत अजून कुणी ना कुणी ती म्हणतंच.

सिद्धूनं पुढं दाद मागितली, पण लढाई जिंकली होती. जिंकलेल्या लढाईतली खोट कुणालाच काढायची नसते.

शांततेच्या काळात अधिकाऱ्याची बढती बैलगाडीच्या चालीनं चालते. एका कोर्सची सगळी पोरं थोडी मागंपुढं, पण एकाच वाटेवर असतात. लढाईच्या एका दिवसानं मात्र पुढच्या तीस वर्षांचा निकाल लागतो. पदकवाल्या अमरला पुढचे कोर्स मिळाले, परदेशातली नेमणूक मिळाली, पलटणीची कमांड मिळाली, ब्रिगेडियरचा हुद्दा मिळाला. सिद्धूच्या नावावर 'आणीबाणीच्या वेळी निर्णय चुकतो' असा शेरा, आणि वर तो गुडघा. त्याला डेपोत टाकलं, एनसीसीत टाकलं, कुठल्याशा छावणीत कँटीन बघायला ठेवलं. त्यानं शिकवलेली पोरं त्याला ओलांडून गेली आणि तो त्यांना सलाम करत राहिला. शेवटी लेफ्टनंट कर्नलवरच पेन्शन घेऊन तो अणदूरला आला आणि द्राक्षाच्या बागेत शिरला.

गावानं चौकशीनंतर लगेचच त्याचं नाव माघारे ठेवलं होतं. तोंडावर साहेब, पाठीमागं माघारे. मला गावातच दिलेली, त्यामुळं मला दोन्ही ऐकू यायचं. आमचे वडील आण्णासाहेब अमरच्या पहिल्या सत्काराला आपण होऊन गेले होते, पोराचा मित्र म्हणून. मागं उभे होते. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "माघाऱ्याचा बाप आला बरं का." आण्णा घरी आले, फेटा खुंटीला लावला आणि पुन्हा तो काढला नाही. पारावर बसणं सोडलं, देवाची पालखी दारावरून गेली तरी उंबऱ्यातूनच हात जोडायचे. असेच गेले. तेव्हापासून मी त्या अमरसिंहला शिव्या दिल्या नाहीत असा दिवस नाही. पण शिव्यांनी कुणाचं काय जातं? माझ्या हातात काहीच नव्हतं.

आणि त्या दिवशी डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडं टाकून पडल्या पडल्या ते माझ्या हातात आलं. बेशुद्ध माणूस नवस बोलत नाही.

तडक बागेत गेले. सिद्धूची छाटणी चालली होती. मी म्हटलं, "अमर तुझ्या पाठीवर असताना नवस बोलला व्हता. तुला ऐकू आलं व्हतं का न्हाय?"

त्याची कात्री थांबली नाही. "आलं व्हतं."

"मग तो शुद्धीत व्हता ह्याचा पुरावाच व्हता की तुझ्याजवळ! चौकशीत का सांगितला न्हाईस?"

"दुसऱ्याचा नवस आपण फोडू ने, अक्का. आण्णांनीच शिकवलंय."

आमच्याकडे असं आहे खरं. नवस बोलणारा आणि देव, दोघांतली ती गोष्ट. तिसऱ्याच्या कानावर पडलीच तर त्यानं पोटात ठेवायची. बाहेर काढली तर नवस लागू पडत नाही म्हणतात. पण म्हणून काय माणसानं स्वतःच्या गळ्याला फास लावून घ्यायचा?

"त्येचा पाय कापायचा का ठिवायचा ते ठरत न्हवतं तवा," सिद्धू म्हणाला. "नवस फोडला आन पाय गेला असता तर?"

"आन तुझं गेलं ते?"

त्यानं वेलीची एक काडी तोडली, खाली टाकली. "आपल्या पायावर चालला का न्हाय तो नंतर? झालं मग."

ती कात्री हिसकावून त्याच्याच डोक्यात घालावी असं वाटलं. देवानं इतकी भली माणसं जन्माला का घालावी हे मला आजवर कळलेलं नाही. त्यांच्या वाटणीचा राग दुसऱ्याला करावा लागतो.

"आता त्येची आईच नवस फोडून बसलीय," मी म्हटलं. "तुझी सुटका झाली. आता म्या बघते."

"अक्का, उगं काय करू नगंस."

"उगं न्हाय करत," म्हटलं, आणि निघाले.

मी पाच वर्षं अणदूरची सरपंच होते. लोकांना कुठं बसवायचं, कुणाला कधी बोलायला लावायचं, हे मला कुणी शिकवायला नको. आधी तामलवाडीला गेले. लक्ष्मीबाईंनी चहा केला. त्या म्हणाल्या, अमर म्हणतोय की नवस नळदुर्गच्या जत्रेत फेडू. मी मनात म्हटलं, हुशार आहे. आमचा देव एक आणि देवळं दोन. मार्गशीर्षात खंडोबा पालखीत बसून नळदुर्गला जातो आणि पौषातली जत्रा उरकून अणदूरला परत येतो. त्या जत्रेत लाखाची गर्दी असते. तिथं कोण काय उधळतो ते शेजारच्यालाही कळत नाही.

"लक्ष्मीकाकू, नवस कुठल्या पायरीचा बोललाय?" मी विचारलं.

"अणदूरच्या."

"मग दुसऱ्या पायरीवर फेडला तर देव धरंल का?"

म्हातारीनं गालावर हात मारून घेतला. तिथंच अमरला फोन लावला आणि पुढचं बोलणं मायलेकांत झालं. कार्तिकातला रविवार ठरला. देव अणदुरातच होता.

मग ग्रामपंचायतीत गेले. गेल्या मे महिन्यात सीमेवर चकमकी उडाल्यापासून गावोगाव फौजींचे सत्कार चालले होते. म्हटलं, ब्रिगेडियर साहेब नवस फेडायला येतायत, गावानं सत्कार करायला नको का? सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"शिवकन्याबाई, तुमीच म्हनायलाव हे?"

"झालं गेलं गंगेला मिळालं," मी म्हटलं. लोकांना फार बरं वाटलं. एकदोघांच्या तर डोळ्यांत पाणी आलं. मला आतून हसू येत होतं. गंगा काय आमच्या बोरी नदीला येऊन मिळते की काय!

फ्लेक्स मी स्वतः जाऊन करून घेतला. छापणारा म्हणाला, ताई, साहेबांचा फोटो मोठा घेऊ का? मी म्हटलं, फोटो लहान चालेल, अक्षरं मोठी घे. 'शुद्ध हरपेपर्यंत जागा न सोडणारे वीर, ब्रिगेडियर अमरसिंह यांचे अणदूर नगरीत स्वागत.' देवळाच्या आवारात, बरोबर तराजूच्या वर येईल असा तो बांधून घेतला.

शेवटचं काम पुजाऱ्याकडे होतं. रामलिंगअप्पा साधा माणूस. त्यांना एवढंच म्हटलं, "अप्पा, नवस फेडताना बोलून दाखवायची आपली रीत हाय. मोठा साहेब हाय म्हणून सूट देऊ नका."

"सूट कशी दीन, बाई? देवापुढं काय साहेब आन काय हमाल."

रविवारी सकाळपासून आवार भरलं. अडत बाजारातून मोठा तराजू आणून तिवईला टांगला होता. बाजूला खोबऱ्याच्या वाट्यांच्या टोपल्या, भंडाऱ्याची पोती. अमर गाडीतून उतरला. अंगात पांढरा सदरा, डोक्याला फेटा. पोट सुटलेलं, पण चाल अजून ताठ. दोन्ही पायांवर ताठ. लक्ष्मीबाईंना हाताला धरून त्यानं पायऱ्या चढवल्या. मला बघून क्षणभर थबकला, मग वाकून नमस्कार केला.

"अक्का, शेंगोळी मिळणार का अजून?"

"मिळंल की साहेब. आधी देवाचं, मग पोटाचं."

"सिद्धू कुठंय?"

"बागंत. तो गर्दीत येत न्हाय कुठं."

त्याचे खांदे जरा सैल झालेले मला दिसले.

पूजा झाली. रामलिंगअप्पांनी त्याच्या ओंजळीत भंडारा दिला आणि म्हणाले, "साहेब, आता नवस बोलून दाखवा. कवा बोललाव, कुठं बोललाव, काय बोललाव."

"मनातल्या मनात बोलतो ना, अप्पा."

"मनातला मनातच ऱ्हातुय, साहेब. देवाच्या पायरीवर आवाज आला पायजे."

अमर हसला. लोकांकडे वळला. म्हणाला, "कारगिलच्या लढाईत जखमी झालो होतो, तेव्हा अणदूरच्या खंडोबाला नवस बोललो होतो." आणि थांबला.

मी पुढं झाले. "साहेब, असं मोघम नगा सांगू. बायाबापड्या लांबून आल्यात तुमचं ऐकायला. सगळं सांगा की."

"सांगा, सांगा," असा गलका झाला. लक्ष्मीबाईही म्हणाल्या, "सांग की रं. मला सांगितलं व्हतंस तसं सांग."

तिथंच तो फसला. फौजी माणसाला लढाईची गोष्ट सांग म्हटलं आणि समोर हजार माणसं बसवली, तर तो देवाचंही भान ठेवत नाही. दोन गोष्टी त्यानं इतकी वर्षं दोन खिशांत ठेवल्या होत्या. साहेबलोकांना एक सांगायची आणि आईला दुसरी. त्या दोन्ही एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या.

"रात्र होती," तो म्हणाला. आवाज भरदार, सवयीचा. "मांडीतून गोळी आरपार गेलेली. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. मी सिद्धेश्वरच्या पाठीवर होतो. खाली बघितलं की काळोख. पलीकडून गोळ्या येत होत्या, दगडावर आपटून ठिणग्या उडत होत्या. सिद्धेश्वर घसरला, आम्ही दोघंही लोंबकळलो. तेव्हा मी डोळे मिटले. आईचा चेहरा दिसला, हे देऊळ दिसलं. म्हटलं, देवा मल्हारी, जिवंत खाली पोचलो तर माझ्या वजनाइतकं खोबरं-भंडारा तुझ्या पायरीवर उधळीन."

बायका डोळे पुसत होत्या. टाळ्या पडायला लागल्या. मी टाळ्या थांबू दिल्या.

"साहेब," मी म्हटलं, "तवा तुमाला शुद्ध व्हती?"

तो बोलणार होता. तोंड उघडलंही होतं. मग त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर आली, आणि माझी नजर जिकडं होती तिकडं, वर फ्लेक्सकडे गेली. तोंड तसंच उघडं राहिलं.

लक्ष्मीबाईंना माझा प्रश्न खुळचटपणाचा वाटला. त्या वैतागून म्हणाल्या, "काय इचारतीस गं बाई? बिगर शुद्धीचा मानूस नवस बोलतुय का कुठं?"

लोक आधी हसले. मग पुढच्या रांगेतल्या कुणीतरी फ्लेक्सवरची अक्षरं मोठ्यानं वाचली. "शुद्ध हरपेपर्यंत..." तो अर्ध्यावरच थांबला. हसणं पुढून मागं विरत गेलं. तराजूची साखळी वाऱ्यानं वाजली.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पोट भरल्यावर होतो तसा आनंद. आण्णांची आठवण आली, त्यांचा खुंटीवरचा फेटा आठवला, आणि मला आणखी हवं झालं.

"अमर," मी म्हटलं. साहेब म्हणायचं संपलं होतं. "तुला खाली न्यायला कुणी सांगितलं व्हतं?"

"अक्का, ही जागा नाही त्या गोष्टीची."

"हीच जागा. तुझ्या चौकशीच्या खोलीत खोटं चाललं. हितं तुझ्या हातात भंडारा हाय. बोल."

त्यानं ओंजळीकडे पाहिलं. पिवळी पूड बोटांच्या फटीतून सदऱ्यावर सांडत होती. मला त्या क्षणी त्याची भीती स्पष्ट दिसली. ब्रिगेडियर होता, पण तामलवाडीचाच होता. साहेबापुढं खोटं बोलता येतं त्याला, भंडारा हातात घेऊन येत नाही.

"मीच," तो म्हणाला.

"मागं ऐकू गेलं न्हाय."

"मीच सांगितलं होतं. हुकूम दिला होता."

लक्ष्मीबाई एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. त्यांना काय झालं ते उमगत नव्हतं, पण काहीतरी मोडलं हे कळलं होतं. त्या देवळाच्या पायरीवर खाली बसल्या. म्हातारीसाठी मला वाईट वाटलं, पण मी थांबले नाही. कित्येकांनी मोबाईल वर धरले होते. मी धरा म्हटलं नव्हतं, आणि खाली ठेवा असंही म्हटलं नाही.

बिचारे रामलिंगअप्पा गांगरून गेले. काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी म्हणून म्हणाले, "बरं बरं, नवस तर बोलून झाला. आता वजन. नवस जुना हाय, तवाचं वजन धरायचं का आताचं?"

"आताचंच धरा, अप्पा," मागून आवाज आला. "तवाचं म्या वाहून आनलंय."

दीपमाळेपाशी सिद्धू उभा होता. अंगावर बागेतले कपडे, खिशात कात्री तशीच. कधी आला, किती ऐकलं, मला ठाऊक नाही. लोक बाजूला झाले. तो एका पायानं जरा खेचत पुढं आला. अमरसमोर थांबला. दोघं एका उंचीचे आहेत हे मी विसरूनच गेले होते.

"सिद्धू," अमर म्हणाला, "मी तेव्हा..."

"डोंगरावर तू शुद्धीतच व्हतास," सिद्धू म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "वाटंनं सारखा बोलत व्हतास माझ्याशी. तुझी शुद्ध हरपली ती खाली आल्यावर."

एवढंच बोलून तो बाजूला सरला.

अमरला तराजूत बसावं लागलं. दुसरा काही मार्गच नव्हता, नवस अर्धा टाकता येत नाही. तो पारड्यात मांडी घालून बसला, डोक्यावर ती मोठी अक्षरं. दुसऱ्या पारड्यात खोबरं पडत गेलं, भंडारा पडत गेला. साखळ्या कुरकुरल्या. एरवी अशा वेळी हलगी वाजते, लोक ओरडतात. त्या दिवशी खोबऱ्याच्या वाट्यांचा खडखडाट तेवढा होता. पारडं उचललं गेलं आणि तो अधांतरी लोंबकळत राहिला.

आता रीत अशी की नवसकऱ्यानं देवाला हाळी द्यायची आणि गावानं ओ द्यायची. मग भंडारा उधळायचा. अमरनं घसा साफ केला.

"यळकोट यळकोट..."

कुणी बोललं नाही. हजार माणसं होती, आणि माघारे म्हणणारी तोंडंही त्यातच होती, पण एकानंही ओठ हलवले नाहीत. त्यानं पुन्हा हाळी दिली. आवाज फाटला. तिसऱ्यांदा त्याला ती देता येईना. मी त्याच्याकडे डोळे भरून बघत होते. आण्णांना दाखवावं असं ते होतं.

"जय मल्हार," सिद्धू म्हणाला.

एकट्याचा आवाज. क्षणभर तो तसाच राहिला आणि मग सगळं आवार उठलं, "जय मल्हार!" पोती उलटी झाली, भंडारा आभाळात गेला, दीपमाळ दिसेनाशी झाली. मला कळायला वेळ लागला. गाव अमरच्या हाळीला थांबलं होतं आणि सिद्धूच्या ओठांकडे बघत होतं. ज्याला माघारे म्हटलं, त्यानं तोंड उघडल्याशिवाय कुणी उघडलं नाही. त्या पिवळ्या धुळीत लोक त्याच्या पाया पडत होते आणि तो ओशाळून मागं सरत होता.

माझं तोंड मात्र बंदच होतं.

अमर शेंगोळी न खाताच गेला. संध्याकाळपर्यंत त्याचं बोलणं त्यांच्या कोर्सच्या लोकांपर्यंत पोचलं. ज्यांनी सिद्धूला इतक्या वर्षांत कधी फोन केला नव्हता, त्यांचे फोन यायला लागले. तो म्हणायचा, छाटणी चालू आहे, नंतर बोलू. अमरच्या पुढच्या बढतीचं काय होईल ते मला ठाऊक नाही, पण रोज देवापुढं मी त्याची चौकशी करते.

फ्लेक्स मी सोडवून आणला आणि आमच्या कडब्याच्या गंजीवर टाकला. अक्षरं रस्त्याकडे येतील असा.

दुसऱ्या दिवशी बागेत भाकरी घेऊन गेले. राग पोटात मावत नव्हता. म्हटलं, "कशाला ओ दिलीस तू त्येला? लोंबकळू द्यायचं व्हतंस."

"देवाची हाळी व्हती ती, त्येची न्हाय. कुणीतरी ओ द्यावी लागती, अक्का."

"म्या न्हाय दिली. कवाच देनार न्हाय."

"नगंच दिऊस," सिद्धू म्हणाला. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "आण्णांचा राग तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. माझ्याच्यानं तो सांभाळला गेला न्हाय."

मग त्यानं खिशातून फडकं काढून डोक्याला गुंडाळलं, आण्णा फेटा बांधायचे तसं, आणि उरलेली ओळ छाटायला गेला.